नाव तेच, लॉट निराळा

गुळाच्या हंगामात कोल्हापूरच्या कुठल्याही गुऱ्हाळावर एक गोष्ट सगळे धरूनच चालतात. दोन आधणं कधी सारखी उतरत नाहीत. ऊस एकाच फडातला, काहील तीच, चुलवाण तेच, गुळव्याही तोच, तरी सकाळच्या आधणाचा रवा पिवळाधमक आणि कणीदार निघतो, तर दुपारचा किंचित तांबूस आणि चिकट. रसातली साखर, चुन्याचं प्रमाण, जाळाची आच, काहील उतरवायला झालेला थोडा उशीर, यांतलं एखादं कारणही पुरतं. म्हणून मार्केट यार्डात भाव ठरतो तो ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाचा नव्हे, समोर रचलेल्या त्या-त्या रव्यांचा. बंदुकीच्या दारूचंही असंच आहे, फरक इतकाच की ती नुसती डोळ्यांनी पारखता येत नाही. डब्यावर कंपनीचं नाव तेच, जातीचा क्रमांक तोच, दाण्याचा रंगही तोच. पण कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला लॉट नंबर वेगळा असेल, तर आतली वस्तू जशीच्या तशी तीच आहे असं मानता येत नाही. अमेरिका-युरोपात बरेच नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरतात. जुन्या डब्याच्या तळाशी उरलेल्या दारूवर त्याच जातीची, पण नव्या लॉटची दारू ओतून टाकावी का, हा त्यांच्यातला नेहमीचा प्रश्न. ओतू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यामागची कारणं काडतुसं भरणाऱ्यांइतकीच कोल्हापूरच्या नेमबाजांनाही लागू पडतात, कारण त्यांच्यापुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहतो.

दुसऱ्या रूपात, कारण आपल्याकडे घरी काडतुसं भरण्याचा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो आणि ते योग्यच आहे. शिवाय कोल्हापूरचं नाव ज्या प्रकारांनी जगात नेलं, त्यांतलं काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांची ५० मीटर रायफल असो की राही सरनोबत यांचं २५ मीटर पिस्तूल, दोन्हींत चालतं ते पॉइंट टू-टू काडतूस. पितळी नळीच्या बुडाला बाहेर आलेली एक पोकळ कड असते आणि ठिणगी पाडणारं रसायन त्या कडेच्या आत पसरलेलं असतं. घोडा ओढला की पिन ती कड चेचते आणि आतली दारू पेटते. एकदा चेचलेली कड पुन्हा भरून घेण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. त्यामुळे इथल्या नेमबाजाच्या हाती दारूचा डबा येत नाही. पन्नास काडतुसांची छोटी पेटी येते आणि त्या पेटीवर लॉट नंबर असतो. एका लॉटच्या चार पेट्या उरल्या, दुसऱ्याच्या सहा नव्या आल्या. दोन्ही एकाच सरावात, एकाच मालिकेत, कधी एकाच ट्रेमध्ये ओतून वापरायच्या का? डब्यात दारू मिसळणं आणि ट्रेमध्ये काडतुसं मिसळणं, दोन्हींमागचा विचार एकच असतो: नाव तर तेच आहे.

या प्रश्नाचं वजन कळायचं असेल तर आधी निशाण जवळून पाहायला हवं. ५० मीटर रायफलच्या निशाणावर मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या साध्या बटणाएवढा. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. दशांशात गुण मोजतात तेव्हा केंद्रापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटर अंतरामागे गुणाचा दहावा हिस्सा कमी होतो. अगदी मध्यावर १०.९, आणि केंद्रापासून आठ मिलिमीटर सरकलं की १०.०. आता गोळीचा हिशेब करू. पॉइंट टू-टूची स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं नळीबाहेर पडते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सुमारे सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात पृथ्वी तिला बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली ओढते. ही घसरण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग एक टक्क्यानं, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन मीटरनं कमी झाला, तरी गोळी सुमारे अडीच मिलिमीटर खाली लागते. अडीच मिलिमीटर म्हणजे तीन दशांश गुण. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, तेजस्विनी सावंत यांनी ६१८.९ गुणांसह रौप्य जिंकलं आणि कांस्य मिळवणाऱ्या खेळाडूचे गुण होते ६१८.१. साठ गोळ्यांत फरक ०.८ चा. साठही गोळ्यांची केंद्रापासूनची अंतरं एकत्र मिळवली, तर हा फरक सहा-साडेसहा मिलिमीटरचा भरतो. रौप्य आणि कांस्य यांच्यात उभं होतं ते इतकंच अंतर.

वेगात एक टक्क्याचा फरक येतो कुठून? पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये धूररहित दारू तयार केली, तेव्हापासून काडतुसातल्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज हाच आहे. कापसाच्या आखूड तंतूंतलं किंवा लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात मुरवतात. धुऊन, द्रावकात मळून त्याचे दाणे पाडतात आणि दाण्यांवर ज्वलन मंद करणाऱ्या रसायनाचा व ग्राफाइटचा लेप देतात. यांतली प्रत्येक पायरी थोडी इकडेतिकडे होते. कापूस शेतात पिकतो, त्याचा तंतू वर्षागणिक एकसारखा नसतो. नायट्रोजनचं प्रमाण अंशानं बदलतं. दाणा किंचित जाड किंवा पातळ कापला जातो, लेप थोडा कमीजास्त बसतो, वाळवताना द्रावक आणि ओल किती मागे राहते तेही बदलतं. कारखाना हे सगळं ठरावीक मर्यादेत राखतो, पण मर्यादा म्हणजे शून्य नव्हे. त्यात दारूचं जळणं लाकडासारखं शांत नसतं. बंद जागेत जळताना दाब वाढतो, वाढलेल्या दाबानं ज्वलन आणखी वेगानं होतं आणि त्यानं दाब पुन्हा वाढतो. हा फेरा हजारावर वातावरणांच्या दाबाखाली, सेकंदाच्या दोन-तीन सहस्रांशांत पुरा होतो. सुरुवातीचा बारीक फरक या फेऱ्यात मोठा होऊन बाहेर पडतो. मोठ्या रायफलच्या काडतुसात तर दाब तीन-चार हजार वातावरणांपर्यंत चढतो. म्हणून दारू बनवणाऱ्या कंपन्या काडतुसं भरणाऱ्यांना बजावतात की लॉट बदलला, तर जुन्या वजनावर विसंबू नका, कमी वजनापासून पुन्हा चढत या. आणि वेगवेगळ्या जातींची दारू मिसळण्याबद्दल तर दुमत नाहीच. ती कुणी, कधीही, कितीही थोडी मिसळू नये. बंदूक फुटून हात-डोळे जाण्याचा तो सरळ रस्ता आहे.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. कारखाना स्वतः लॉट मिसळतोच की! हे खरं आहे. एका खेपेची दारू जरा जलद जळणारी निघाली, दुसऱ्या खेपेची जरा मंद, तर दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र करून ठरलेल्या मापावर आणणं ही दारूच्या कारखान्यांची जुनीजाणती रीत आहे. बाजारात एकाच नावाची दारू वर्षानुवर्षं बरीचशी सारखी मिळते, त्याचं श्रेय या मिश्रणालाच आहे. मग कारखान्याला जे चालतं ते आपल्याला का चालू नये? फरक हाताच्या कसबाचा नाही, माहितीचा आहे. मिसळण्याआधी प्रत्येक खेपेचा दाब आणि वेग चाचणीच्या बंदुकीत मोजलेला असतो. कुठली जलद, कुठली मंद, किती, हे आकड्यांत माहीत असतं. मिसळल्यावर मिश्रणाची पुन्हा चाचणी होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या मिश्रणाला नवा, एकच लॉट नंबर मिळतो. म्हणजे कारखाना दोन ओळखी पुसतो, पण लगेच तिसरी, तपासलेली ओळख देतो. घरच्या डब्यात जुन्यावर नवं ओतणारा दोन्ही ओळखी पुसतो आणि जागा रिकामी ठेवतो. डब्यावर जुनाच कागद राहतो आणि तो आता खोटा असतो.

यावर कुणी म्हणेल, मग नीट एकजीव करू, नवं नाव देऊ, नव्यानं चाचणी घेऊ. त्याला माझा विरोध नाही. परदेशातला एखादा सावध नेमबाज एकाच जातीचे दोन ताजे, सीलबंद, तारखा माहीत असलेले मोठे डबे एकत्र करतो, ते मिश्रण नवी दारू समजून कमी वजनापासून तपासत जातो, तेव्हा तो छोट्या प्रमाणावर कारखान्याचीच शिस्त पाळत असतो. पण तळाशी उरलेल्या मूठभर दारूवर नवी ओतणं म्हणजे ही शिस्त नव्हे. एकजीव करणं वाटतं तितकं सोपंही नाही. दिवाळीच्या चिवड्याचा डबा चार दिवस घरात फिरला की मीठ-मसाला तळाला जातो, पोहे वर राहतात. दाण्यांच्या आकारात बारीक फरक असला की तेच होतं. डबा हलला, गाडीत हादरला, की बारीक दाणे खाली झिरपतात आणि मोठे वर येतात. मग वरच्या पन्नास काडतुसांत एक दारू आणि तळाच्या पन्नासांत दुसरी, आणि भरणारा मात्र सगळी एकच समजतो.

वयाचा मुद्दा याहून गंभीर आहे. नायट्रोसेल्युलोज पडून राहिलं तरी आतून हळूहळू विघटत असतं. त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि ते विघटनाला आणखी गती देतात. हे वायू शोषून घ्यायला दारूत स्थिरक घालतात, पण तोही संपत जातो. तुलोनच्या बंदरात १२ मार्च १९०७ रोजी ‘इएना’ आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका स्फोटानं उद्ध्वस्त झाल्या. शेकडो खलाशी गेले. दोन्ही वेळी दोष आला तो कोठारातल्या बिघडत चाललेल्या दारूकडे. उरलेली जुनी दारू नव्या डब्यात ओतली की नव्या दारूच्या शेजारी हा विघटणारा माल येऊन बसतो आणि संपूर्ण डब्याचं वय जुन्याइतकं धरावं लागतं. पण ते वय किती, हे सांगणारा लॉट नंबर तर फेकलेल्या डब्याबरोबर गेलेला असतो. लॉट नंबर कशासाठी असतो, हे अशाच वेळी कळतं. एखादी खेप सदोष निघाली, तर नेमकी तीच खेप बाजूला काढता आली पाहिजे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठारात आग लागून लष्कराचे अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर गळक्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखवलं गेलं. कोणता माल, कोणत्या खेपेचा, कुठे ठेवलेला, हे कागदावर असेल तरच असा माल वेळेत शोधून वेगळा करता येतो.

आता रेंजवर येऊ, कारण ट्रेमध्ये मिसळलेल्या काडतुसांत स्फोटाची भीती नाही. ती बंद आहेत, प्रत्येक आपापल्या जागी सुरक्षित आहे. तिथला तोटा निराळा आहे आणि माझ्या मते कोल्हापूरसाठी तोच मोठा आहे. समजा, एका लॉटच्या गोळ्या या रायफलमधून आठ-नऊ मिलिमीटरच्या घेरात बसतात. दुसऱ्या लॉटच्याही तेवढ्याच घेरात बसतात, पण त्यांचा मध्य तीन मिलिमीटर खाली येतो. दोन्ही लॉट चांगले आहेत. नेमबाज एकच लॉट वापरत असेल, तर सरावाच्या पहिल्या काही गोळ्यांत त्याला मध्य कुठे पडतो ते दिसतं. तो मागच्या साइटचं बटण एक-दोन क्लिक फिरवतो आणि प्रश्न संपतो. सगळ्या गोळ्या सारख्याच चुकत असतील तर ती चूक काढून टाकता येते. पण दोन्ही लॉट एका ट्रेमध्ये मिसळले की तीच चूक कधी येते, कधी येत नाही. खाली गोळी गेली म्हणून क्लिक द्यावी, तर पुढची वर जाते. मग परत उलटी क्लिक. सुधारता येणारी चूक मिसळण्यानं न सुधारता येणारी होऊन बसते आणि कुठलीही साइट, कितीही महागडी रायफल ती भरून काढू शकत नाही.

याची खरी झळ लागते ती शिकणाऱ्या मुलाला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी प्रोनमध्ये पडून गोळी सोडते. श्वास नीट धरला होता, घोडा सावकाश ओढला होता, निशाण स्थिर दिसत होतं. पडद्यावर १०.६ अपेक्षित असताना ९.९ येतो. तिला वाटतं, आपण घोडा झटक्यानं ओढला. प्रशिक्षकालाही तसंच वाटतं. पुढचे पंधरा दिवस ती नसलेला दोष दुरुस्त करण्यात घालवते आणि त्या नादात असलेली चांगली सवय मोडते. नेमबाजीत शिकणं म्हणजे आपल्या शरीरानं काय केलं आणि निशाणावर काय दिसलं, यांची सांगड घालत जाणं. गोळीच भरवशाची नसेल तर ही सांगड बसत नाही. दोन लॉट मिसळण्यानं गुण किती गेले हे मोजता येईल, पण विश्वास किती गेला हे कुठल्या पडद्यावर उमटत नाही. मला या विषयाची तळमळ वाटते ती याचसाठी.

दुसरा आक्षेप असा की हा सगळा अतिरेक आहे. नेमबाज कसलेला असला की गोळी कुठलीही चालते, आणि नवख्याचा हात मुळातच इतका हलतो की लॉटचा फरक त्यात बुडून जातो. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. ज्याच्या गोळ्या तीस-चाळीस मिलिमीटरच्या घेरात पसरतात, त्यानं लॉटच्या मागे धावण्यात अर्थ नाही. त्यानं मिळेल ती गोळी घेऊन घाम गाळावा. पण कोल्हापूरची पातळी ती राहिलेली नाही. म्युनिकमध्ये २०१० च्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी ६०० पैकी ५९७ गुण मिळवून प्रोनचं सुवर्ण आणलं. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. त्या अंतिम फेरीत ते पोहोचले पात्रता फेरीतल्या ५९० गुणांवर, सातव्या क्रमांकानं, आणि अंतिम फेरीत जागा असतात आठच. या उंचीवर हात स्थिर असतो हे गृहीतच आहे. प्रश्न उरतो तो गोळीचा. शिवाय जिथं अचूकता जिवावर बेतते, त्या तोफखान्यातही लॉट वेगळे ठेवण्याची शिस्त आहे. एका लक्ष्यावर मारा करताना एकाच लॉटचा दारूभार वापरायचा, कारण लॉट बदलला की तोफेच्या तोंडाशी वेग बदलतो आणि गोळा आपल्याच माणसांजवळ पडू शकतो.

कारखानदारांनाही हे ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची एली आणि जर्मनीतल्या शोनेबेकला कारखाना असलेली लापुआ या कंपन्या नेमबाजाला आपली रायफल घेऊन येऊ देतात. नळी एका जड पकडीत घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात बाजूला राहतो. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून इलेक्ट्रॉनिक निशाणावर घेर मोजतात. एका नळीला जो लॉट उत्तम बसतो, तोच शेजारच्या, त्याच कंपनीच्या, त्याच वर्षीच्या नळीला सुमार ठरू शकतो. म्हणजे ‘चांगला लॉट’ ही काही सुटी वस्तू नाही, नळी आणि लॉट यांची ती जुळणी आहे. दारू, गोळीवरचं मेण, शिशाचा पोत, कडेतलं रसायन आणि नळीचं कंपन असं सगळं त्यात येतं. गोळी सुटताना नळीचं तोंड सूक्ष्म डोलत असतं. मंद गोळी थोडी उशिरा, तोंड वर असताना बाहेर पडली, तर तिची जास्तीची घसरण काही अंशी भरूनही निघते. यावरून कुणी म्हणतं की वेगातला फरक नळीच सांभाळून घेते, त्याचा बाऊ कशाला? पण हे सांभाळून घेणं ठरावीक वेळेवर बसलेलं असतं. दुसऱ्या लॉटची गोळी त्या वेळेत बाहेर पडेलच असं नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा आहे आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. दहा गोळ्यांच्या चाचणीवरून लॉट निवडणं म्हणजे निम्मी फसवणूक आहे, असं ते म्हणतात. बरोबर आहे. एकाच लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे पाच घेर घ्या, ते एकमेकांपासून चांगलेच वेगळे येतील. वीस लॉट तपासून सर्वांत लहान घेराचा उचलला, तर त्यात नशिबाचाही वाटा असतो. घरी येऊन पुन्हा झाडलं की तो घेर थोडा मोठा होणारच. पण यातून निघतं काय? चाचणी जास्त गोळ्यांची घ्या, दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या, घेराच्या टोकाच्या दोन गोळ्या न बघता सगळ्या गोळ्यांचं मध्यापासूनचं सरासरी अंतर काढा. चाचणी अपुरी आहे म्हणून लॉट मिसळायला हरकत नाही, हा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट लॉट वेगळे ठेवले, तरच महिन्याभराच्या सरावातून आपोआप शेकडो गोळ्यांची नोंद तयार होते आणि ती कुठल्याही एका दिवसाच्या चाचणीपेक्षा पक्की असते.

खर्चाचा आक्षेप खरा सल आहे. स्पर्धेच्या दर्जाची गोळी आयात होते, बहुतेक वेळा नॅशनल रायफल असोसिएशनच्या मार्फत येते, आणि जिल्ह्यातल्या मुलाला लॉट निवडायची मुभा क्वचितच मिळते. जे आलं ते घ्यायचं. वेगवेगळ्या लॉटच्या दोन-चार पेट्या उरल्या तर त्या टाकून द्यायच्या का? अजिबात नाही. एक एक पेटी स्वतंत्र वापरावी, उभ्या पोझिशनच्या सरावाला वापरावी, जिथं हाताचं डोलणं लॉटच्या फरकापेक्षा मोठं असतं. फक्त एका मालिकेत दोन लॉट नकोत. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांवरून निकाल काढू नये, कारण नळीत आधीच्या गोळीच्या मेणाचा थर असतो आणि तो बदलायला वेळ लागतो. याला पैसा लागत नाही, सवय लागते. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलांना ही सवय पहिल्या महिन्यात लावता येईल. आणि जिल्ह्याची मागणी एकत्र नोंदवली, प्रत्येक नेमबाजाला वर्षभर पुरतील एवढ्या गोळ्या एकाच लॉटच्या मिळाव्यात असा आग्रह धरला, शहरात एक पक्की पकड आणि वेग मोजणारं एक यंत्र सगळ्यांसाठी बसवलं, तर कुणा एकाला परदेशी कारखान्याच्या दारात न जाताही पुष्कळ साधेल. ज्या शहरानं कुस्तीसाठी तालमी बांधल्या, त्याला हे जड नाही.

ही शिस्त बाहेरून आणायचीही गरज नाही. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरच्या दारूखान्याबद्दल जे लिहिलं आहे, त्यात दारू वस्तीपासून दूर, तळघरात, माचावर ठेवायला सांगितली आहे. तिला सर्दी लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं ती बाहेर काढून ऊन द्यायचं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवायची. अमात्यांच्या घराण्याची जहागीर बावड्याची. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिला आहे, त्याला सर्दीची ही काळजी कुठून आली ते सांगावं लागत नाही. पण मला त्यातली मुद्रा महत्त्वाची वाटते. ती काळी दारू होती, सोरा, गंधक आणि कोळशाची, आजच्या दारूहून निराळी. तरी ऊन दिल्यावर माल नुसता परत ठेवायचा नाही, त्याच्यावर पुन्हा खूण करायची. हा माल कुणी, केव्हा हाताळला, मधे कुणी उघडला नाही ना, याचा पुरावा त्या मुद्रेत असे. पेटीवरचा लॉट नंबर तेच काम करतो.

म्हणून शेवटची एक साधी रीत. एक लॉट संपत आला की त्यातली एक पेटी, पन्नास गोळ्यांची, न फोडता बाजूला काढावी. तिच्यावर पेननं तारीख, नळीचा नंबर आणि साइटची जागा लिहावी आणि ती कोरड्या डब्यात शस्त्रकपाटात ठेवावी. नवा लॉट आला की एकाच सकाळी, त्याच रायफलमधून, वारा पडलेला असताना आधी जुन्या पेटीतल्या वीस आणि मग नव्यातल्या चाळीस गोळ्या झाडाव्यात. नव्यातल्या पहिल्या पंधरा हिशेबात धरू नयेत. दोन्हींचे मध्य एकाच कागदावर मांडावेत आणि मधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावं. जुन्यातल्या उरलेल्या तीस गोळ्या पुन्हा त्याच पेटीत, त्याच नंबराखाली ठेवाव्यात.